चौघांचा प्रोजेक्ट: सुटे भाग चालतात, जोडले की बंद पडतात (बेसमेंटमधल्या पाण्याची सूचना देणारं यंत्र)

दांडियाबाजार_ईसी

नमस्कार. आम्ही बडोद्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. टीम चौघांची, दोन मुली आणि दोन मुलगे. विषय ठरलाय: सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी शिरायला लागलं की वॉचमन आणि सेक्रेटरी दोघांना लगेच कळवणारं यंत्र. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहरात किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून हा विषय घेतला.

सध्याची स्थिती अशी. ईएसपी३२ बोर्ड (कोड चालवणारा छोटा कंट्रोलर), जेएसएन-एसआर०४टी हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर, कॉल आणि मेसेजसाठी एसआयएम८००एल जीएसएम मॉड्यूल, १२ व्होल्टचा हूटर (भोंगा). प्रत्येकाने आपापला भाग घरी चालवून आणला, तेव्हा सगळं ठीक होतं. एकत्र जोडल्यावर मेसेज पाठवायची वेळ आली की बोर्ड रीस्टार्ट होतो. सेन्सर ७५ मिमीच्या पीव्हीसी पाइपात बसवलाय, तो पाणी कितीही असलं तरी २१–२२ सेंमीच दाखवतो. फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून वर उचलला की चालू होणारा) लावून पाहिला तर आपोआप चालू-बंद होतो.

टीमचं म्हणाल तर कोड आणि जोडणी एकाच्याच गळ्यात पडली आहे, एका मुलीकडे रिपोर्ट, दुसऱ्या मुलीकडे पीपीटी, आणि चौथा मेंबर ग्रुपवर "झालं का?" एवढंच विचारतो. ठरलेली गोष्ट दोन दिवसांनी कुणालाच नीट आठवत नाही. गाईड विचारतात, "यात नवीन काय?" त्याचं उत्तर आमच्याकडे नाही. नऊ आठवडे उरलेत. कुठून सुरुवात करावी?

तांब्याची_तार

आधी रीस्टार्ट, कारण तो सुटल्याशिवाय पुढचं काहीच तपासता येणार नाही.

लॅपटॉपवर सीरियल मॉनिटर उघडा. रीस्टार्ट होताना "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" (व्होल्टेज फार खाली गेलं) अशी ओळ दिसली तर दोष कोडमध्ये नाही, वीजपुरवठ्यात आहे. एसआयएम८००एल नेटवर्कशी बोलताना अगदी थोड्या वेळापुरते २ अँपिअरपर्यंत ओढतं. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. म्हणजे बोर्डच्या ३.३ च्या पिनवर लावलं तर व्होल्टेज कमी पडतं, ५ च्या पिनवर लावलं तर जास्त होतं. घरी एकट्याने चालवताना मॉड्यूल बहुतेक चार्ज केलेल्या लिथियम सेलवर चाललं असेल, म्हणून तिथे अडचण दिसली नाही. एकत्र जोडताना कुणीतरी दोन्ही एकाच यूएसबीवर घेतलं, आणि तो पुरवठा तेवढा करंट देऊ शकत नाही.

उपाय: १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी घ्या, यूपीएसमध्ये असते तीच. तिच्यावरून दोन वेगळे एलएम२५९६ बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करून देणारे): एक ४.० व्होल्टला लावून फक्त जीएसएमसाठी, दुसरा ५ व्होल्टला लावून ईएसपी३२ साठी. व्होल्टेज मीटर लावून आधी जुळवा, मगच मॉड्यूल जोडा. एलएम२५९६ ला आउटपुटपेक्षा इनपुट दीडेक व्होल्टने जास्त लागतं, म्हणून ५ व्होल्टच्या चार्जरवरून ४ काढायला जाऊ नका, लोड आला की तो खाली बसतो.

जीएसएमच्या पुरवठ्याच्या पिनांना अगदी लगटून, २–३ सेंमीच्या आत, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आणि ब्रेडबोर्डच्या बारीक जंपर वायरी इथे चालणार नाहीत. वायर आणि खोचा (वायर खोचायची जागा) मिळून ०.२ ओहम रोध धरला तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच पडतात, ४.० चे ३.६ होतात. खोचा जरा सैल झाला की ३.४ च्या खाली. म्हणून हा भाग झिरो पीसीबीवर जाड वायरने सोल्डर करा. सगळ्यांची ग्राउंड एकत्र आलीय का तेही बघा. दोघांनी दोन बोर्ड आणून जोडले की हटकून हीच वायर राहते.

मॉड्यूलवरचा छोटा दिवा बघायची सवय लावा. दर सेकंदाला लुकलुकला तर नेटवर्क शोधतोय, दर तीन सेकंदांनी लुकलुकला तर नेटवर्क मिळालंय. आणि सिम एअरटेलचं किंवा व्होडाफोन-आयडियाचं घ्या. हे मॉड्यूल फक्त २जी आहे आणि जिओकडे २जी नाहीच. ४जी हवं असेल तर ए७६७०सी सारखं मॉड्यूल घ्यावं लागेल.

आता सेन्सर. जेएसएनला स्वतःच्या तोंडापासून साधारण २०–२५ सेंमीपर्यंत दिसतच नाही, आणि त्याचा झोत बराच रुंद असतो. ७५ मिमीच्या पाइपात तो झोत भिंतीवर आपटून लगेच परत येतो, म्हणून तुम्हाला कायम २१–२२ दिसतंय. पाइप काढा, सेन्सर मोकळ्यात आडव्या पट्टीवर लावा, बाजूची भिंत किंवा खांब निदान फूट-दीड फूट लांब ठेवा. सर्वांत जास्त पाण्याची जी पातळी धराल तिच्या वर किमान ३० सेंमी सोडा.

दर वेळी एकच रीडिंग घेऊ नका. ६० मिलिसेकंदांच्या अंतराने पाच घ्या, चढत्या क्रमाने लावा, मधलं उचला. सरासरी नको, कारण एक वेडंवाकडं रीडिंग सगळी सरासरी बिघडवतं. तापमानही धरा: आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. हा फरक साडेतीन टक्क्यांचा, म्हणजे २ मीटरवर ७ सेंमी. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात जुळवलेलं यंत्र जुलैच्या पावसात काही सेंमी चुकेल. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर ४.७ के (किलो-ओहम) रोधासह लावला की हे सुटतं. जेएसएनच्या बोर्डला ५ व्होल्ट देत असाल तर त्याचा एको पिनही (परत आलेल्या लहरीचा सिग्नल देणारा) ५ व्होल्टच देतो, आणि ईएसपी३२ ला ३.३ पेक्षा जास्त द्यायचं नसतं. मधे १ के आणि २ के रोधांचा विभाजक (व्होल्टेज वाटून कमी करणारी जोडी) हवाच. सुरुवातीला चालल्यासारखं वाटतं, मग पिन हळूच मरते.

फ्लोट स्विच आपोआप चालू-बंद होतोय म्हणजे तो ३४ ते ३९ यांपैकी एखाद्या पिनवर असणार, असा माझा अंदाज. त्या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतून पुल-अप (स्विच उघडा असताना पिन ठरावीक व्होल्टेजवर धरून ठेवणारा रोध) नाही. ३२ किंवा ३३ वर घ्या, बाहेरून ४.७ के पुल-अप आणि १०० नॅनोफॅरड लावा. पाण्याच्या लाटेने फ्लोट हलतो, म्हणून पाच सेकंद सलग एकच स्थिती राहिली तरच खरं माना.

रावपुरा_वही

वरचं उत्तर नीट वाचलंत तर एक गोष्ट दिसेल. तुमचे तिन्ही बिघाड दोन माणसांच्या कामांच्या सीमेवर आहेत. पुरवठा कुणाचा? जीएसएमवाल्याचा की बोर्डवाल्याचा? पाइप कुणी ठरवला, सेन्सर वाचणाऱ्याने की बसवणाऱ्याने? फ्लोट कुठल्या पिनवर, हे कुणी कुणाला विचारलं? भाग प्रत्येकाचा आहे, जोड कुणाचाच नाही. तुमचं टीमवर्क इथेच अडलंय, आणि दुरुस्तीही इथूनच करावी लागेल.

पहिलं काम म्हणजे एक पान. दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर पिनांचा तक्ता, पेनाने. उदाहरणार्थ: १६ आणि १७ जीएसएम, २५ हूटरचा रिले, २६ ट्रिगर, २७ एको, ३२ खालचा फ्लोट, ३३ वरचा फ्लोट, ३४ बॅटरीचं व्होल्टेज. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी: किती व्होल्ट, कुठल्या रंगाची वायर, कोण जबाबदार. खाली लाल पेनाने: ६ ते ११ हात लावायचा नाही (आत फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात), १२ मोकळी ठेवायची (सुरू होताना तिच्यावर व्होल्टेज आलं तर बोर्ड उठतच नाही), एडीसी२ च्या पिना (व्होल्टेज मोजणाऱ्या पिनांचा दुसरा गट) वाय-फाय चालू असताना व्होल्टेज मोजत नाहीत. पिन बदलायची तर आधी पानावर खोडून नवी लिहायची, मग वायर हलवायची. उलट क्रमाने केलं तर पान दोन दिवसांत खोटं होतं आणि मग त्याकडे कुणी बघत नाही.

दुसरं, भाग पूर्ण होण्याची वाट न बघता सातव्या दिवशी सगळी साखळी उभी करा, कितीही साधी असली तरी. फ्लोट स्विच, ईएसपी३२, एक बझर. बादलीत पाणी ओतलं की बझर वाजला पाहिजे, बस्स. मग एकेक कडी बदलत जा: बझरच्या जागी हूटर, यूएसबीच्या जागी बॅटरी, मग जीएसएम, मग अल्ट्रासोनिक. दर बदलानंतर बादली पुन्हा. काही मोडलं तर शेवटचा बदलच दोषी, शोधायला रात्र जात नाही. तुम्ही जे केलं ते उलटं होतं: चार भाग पूर्ण करून एकाच दिवशी जोडले, आणि आता चार भागांमधले सहाच्या सहा जोड एकाच वेळी संशयित झालेत.

वाटणी हार्डवेअर, सॉफ्टवेअर, रिपोर्ट, पीपीटी अशी करू नका. यात रिपोर्टवाल्याला यंत्र कळत नाही आणि यंत्रवाल्याला लिहायला फुरसत नसते. आणि स्पष्टच लिहिते, अशा वाटणीत रिपोर्ट आणि सजावट मुलींकडे जाते आणि सोल्डरिंग मुलांकडे. वर्षाअखेरी दोघी जणी परीक्षकांपुढे आपल्याच सर्किटबद्दल गप्प राहतात. त्यापेक्षा चार कामं अशी पाडा: पुरवठा आणि पेटी; पाणी ओळखणं; सूचना देणं (हूटर, फोन, मेसेज); जागा, माणसं आणि चाचणी. प्रत्येक कामाला एक धनी आणि एक जोडीदार, जोडीदार दुसऱ्या कामाचा धनी. तिसऱ्या आठवड्यात धनी बाजूला बसेल आणि जोडीदार तो भाग एकट्याने सुटा करून पुन्हा जोडेल. जमलं नाही तर वहीत काय लिहायचं राहिलंय ते लगेच दिसतं. प्रत्येकाने आपल्या भागाचं लेखन त्याच आठवड्यात करायचं. शेवटी एकत्र करायला एक जण पुरतो.

"सेन्सर झाला" हे वाक्य वहीत येऊ देऊ नका. "बादलीत तळापासून ५, १० आणि १५ सेंमी पाणी, प्रत्येक ठिकाणी दहा रीडिंग, सगळी पट्टीच्या मापापासून २ सेंमीच्या आत" असं लिहा. काम कधी पूर्ण झालं म्हणायचं, हे काम सुरू करण्याआधी ठरलेलं असलं की भांडणाला जागा राहत नाही, आणि "झालं का?" विचारणाऱ्यालाही स्वतः जाऊन बघता येतं.

मीटिंग आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, यंत्राभोवती उभं राहून. काय संपलं, काय अडलंय, कुणाकडून काय हवंय. निर्णय झाला की तारीख, निर्णय, कारण, कोण करणार, एवढ्या चार गोष्टी वहीत. कारण लिहायला विसरू नका. "पाइप काढला" एवढंच लिहिलं तर महिन्याभराने कुणीतरी तो पुन्हा बसवेल. व्हॉट्सअॅपवर त्या पानाचा फोटो टाका, पण निर्णय व्हॉट्सअॅपवर घेऊ नका.

कांसकाठ

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत, एक गोष्ट सोडून. बेसमेंटसाठी अल्ट्रासोनिक मुख्य सेन्सर म्हणून घेऊच नये असं माझं मत आहे.

बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते. जीएसएम, बोर्ड आणि बॅटरी वर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी लागणार, आणि सेन्सर खाली रॅम्पच्या पायथ्याशी. मधे १५–२० मीटर वायर. जेएसएनच्या बोर्डचे सिग्नल तेवढ्या वायरीवर बिघडतात. फ्लोट स्विचला ते अंतर काहीच नाही, दोन तारा, चालू किंवा बंद. शिवाय पाण्याजवळ फक्त ३.३ व्होल्ट जातात. भिजलेल्या बेसमेंटमध्ये २३० व्होल्टचं काहीही नेऊ नका, चार्जरसुद्धा वरच.

दोन फ्लोट लावा, सर्वांत खोल कोपऱ्यात. एक ५ सेंमीवर, दुसरा १५ वर. हे आकडे हवेतले नाहीत. छोट्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६–१८ सेंमी असतो, म्हणजे दुसरा फ्लोट उचलला गेला की गाडी काढायची वेळ संपत आली. आणि दोन फ्लोटमधल्या १० सेंमीला किती वेळ लागला हे बोर्डने मोजलं की पाणी कोणत्या वेगाने चढतंय ते कळतं. दहा मिनिटं लागली तर मिनिटाला एक सेंमी. "पाणी आलं" यापेक्षा "मिनिटाला एक सेंमीने चढतंय" ही सूचना सेक्रेटरीला कितीतरी कामाची, कारण त्यावरून आधी लोकांना उठवायचं की आधी पंप लावायचा हे ठरतं. गाईडच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे.

दुसरं उत्तर बडोद्याच्या पाण्यातच आहे. विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरातून येते, आणि आजवा तलावातून सोडलेलं पाणीही तिच्यातूनच शहरात उतरतं. नदी फुगली की कांसांचं (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या शहरातल्या नाल्यांचं) पाणी नदीत जायच्या ऐवजी उलटं फिरतं. म्हणून शहरात पाऊस थांबलेला असतानाही, रात्री दोन वाजता, कोरड्या आभाळाखाली बेसमेंट भरू शकतं. पावसाचा सेन्सर लावून सूचना देणारी यंत्रं इथे उपयोगाची नाहीत, आणि हे कारण रिपोर्टच्या पहिल्या पानावर यायला हवं. प्रश्न इथला आहे, म्हणून उत्तरही वेगळं निघतं. सेन्सर नवा असायची गरज नाही.

तिसरं वॉचमनला विचारून कळेल. पाच सोसायट्यांत जा. "असं यंत्र आवडेल का?" हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा किती वाजले होते? पहिल्यांदा कुणाला दिसलं? तुम्ही सगळ्यांत आधी काय केलंत? कुणाला फोन लावला, त्याने उचलला का? लाइट होते का? उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तिथल्या तिथे लिहा. फोन कोणता वापरतात आणि कुठली लिपी वाचता येते हेही बघा. रात्री आलेला मेसेज कुणी वाचत नाही, पण फोन वाजला तर माणूस उठतो. म्हणून मॉड्यूलने आधी कॉल करावा, ३० सेकंद वाजू द्यावा, मग पुढच्या नंबराला, आणि मेसेज सगळ्यांत शेवटी. हूटर मात्र फोनच्या आधी. पाणी भरलेल्या भागातली वीज सुरक्षेसाठी बंद करतात, मोबाइल टॉवरचाही भरवसा नसतो, तेव्हा नेटवर्कवर अवलंबून नसलेली सूचना पहिली हवी.

मग अल्ट्रासोनिकचं काय करायचं? घेतलाच आहे तर कांसेची पातळी बघायला ठेवा, पण प्रोजेक्ट त्याच्यावर टांगू नका. आणि मापं घ्यायला कांसेत किंवा नदीकाठी उतरू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, पाणी चढलं की त्या कांसांतून सोसायट्यांपर्यंत येतात. पुलावरून किंवा कठड्यावरून, दिवसा, दोघांनी मिळून.

दांडियाबाजार_ईसी

सगळ्यांचे मनापासून आभार. सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचीच ओळ आहे, आणि फ्लोट ३५ वर होता. सिम जिओचं होतं, बदलतो. वही आजच आणली.

तीन प्रश्न राहिलेत. मेसेज गुजराती आणि मराठीत पाठवला तर फोनवर नुसती प्रश्नचिन्हं येतात. नव्या कल्पनांसाठी चर्चेला बसलो की दोघंच बोलतात. आणि चौथ्या मेंबरचं काय करावं? त्याच्याशी वाकडं घ्यायचं नाही, पण त्याचं कामही आपण करायचं नाही असं ठरवलंय.

तांब्याची_तार

मेसेजचं सोपं आहे. मॉड्यूलला नुसता एटी+सीएमजीएफ=१ हा आदेश दिला की मॉड्यूल इंग्रजी अक्षरंच पाठवतं. देवनागरी किंवा गुजरातीसाठी आधी एटी+सीएससीएस="यूसीएस२", मग एटी+सीएसएमपी=१७,१६७,०,८ द्या. त्यानंतर नंबर आणि मजकूर दोन्ही यूनिकोडच्या चार-चार अंकी हेक्स आकड्यांत द्यावे लागतात. नंबर तसाच ठेवला तर एरर येते, इथे हमखास अडकायला होतं. असा मेसेज १६० ऐवजी ७० अक्षरांचाच होतो, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात: "पाणी" म्हणजे चार. जास्त झालं तर तुकडे पडतात, मागेपुढे पोचतात. म्हणून मजकूर आखडता: "बेसमेंट पाणी १५ सेंमी. मिनिटाला १ सेंमी. गाड्या काढा." मजकूर तीन-चारच आहेत, त्यांचे हेक्स आधीच करून कोडमध्ये ठेवा.

बॅटरीचा हिशोब वहीत हवा. वाय-फाय बंद, बोर्ड जागा, जीएसएम नेटवर्कवर, असं सगळं मिळून १२ व्होल्टवर ४०–५० मिलिअँपिअरच्या आसपास जाईल. मीटर लावून खरा आकडा घ्या. लेड-अॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची धरली तर ३.५ एएच भागिले ०.०५, म्हणजे ७० तास, जवळजवळ तीन दिवस. परीक्षक हा प्रश्न विचारतातच. व्होल्टेज ३४ वर मोजायला १०० के आणि २२ के चा विभाजक लावा, १३.८ चे साधारण २.५ होतात.

रावपुरा_वही

चर्चेत दोघंच बोलतात याचं कारण बाकीचे दोघे मठ्ठ आहेत असं नसतं. एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावं लागतं, आणि थांबता थांबता स्वतःची कल्पना निसटते. जर्मनीत बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये ६-३-५ नावाची पद्धत मांडली: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत १०८ कल्पना. तुम्ही चौघं आहात, तेव्हा चार फेऱ्या, वीस मिनिटं, ४८ कल्पना. बोलायचं नाही. शेजाऱ्याचं वाचून त्यावर पुढे लिहायचं, यातच खरा उपयोग आहे. प्रश्न मात्र नेमका द्या. "प्रोजेक्ट कसा सुधारावा" यावर काहीच सुचत नाही. "रात्री दोन वाजता झोपलेला वॉचमन दोन मिनिटांत कसा उठेल" यावर पानं भरतात. निवड त्याच दिवशी करू नका. दुसऱ्या दिवशी चार कसोट्या लावा: नऊ आठवड्यांत होईल का, वीज गेल्यावर चालेल का, वॉचमनला एकदाच सांगून कळेल का, बिघडलं तर दुरुस्त करता येईल का. पहिल्या दोन कसोट्यांत जे नापास ते बाद, बाकीच्यांना गुण द्या.

चौथ्या मेंबरबद्दल. फ्रान्समधले कृषी अभियंते रिंगेलमान यांनी दोरी ओढण्याचे प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी भरतो. पुढच्या संशोधकांनी याची दोन कारणं वेगळी काढली: ओढण्याची वेळ जुळत नाही, आणि आपला वाटा कुणाला दिसत नाही म्हणून जोरच कमी लागतो. तुमच्याकडे दुसरं कारण आहे असं धरून चालू नका. "झालं का?" असं विचारणाऱ्याला काय करायचं तेच सांगितलेलं नसतं, असं बऱ्याचदा निघतं. त्याला एक पूर्ण काम द्या, तुकडा नको. "पाच सोसायट्यांतल्या वॉचमनची उत्तरं, येत्या शनिवारपर्यंत, वहीत" हे चांगलं काम आहे, कारण त्यावर बाकी तिघांचे निर्णय अडलेत आणि ते त्यालाही दिसतं. जमत नसेल तर एकदा जोडीदाराने सोबत जावं.

तरीही दोन शनिवार कोरडे गेले, तर तिसऱ्याची वाट न बघता गाईडकडे चौघं मिळून जा, त्याच्यासमोर, वही घेऊन. तक्रार करायची नाही. ही कामं, या तारखा, हे राहिलं, आता वाटणी कशी बदलू, एवढंच विचारायचं. नवव्या आठवड्यात सांगितलं तर गाईड काहीच करू शकत नाहीत. आणि त्याचं काम रात्री गुपचूप उरकून टाकू नका. त्यामुळे वहीत खोटं जातं आणि पुढचं वेळापत्रकही खोट्यावर उभं राहतं.

सयाजीगंज_०७

शेवटच्या दोन आठवड्यांसाठी थोडं.

यंत्र लॅबमधून काढून खऱ्या सोसायटीत सलग ४८ तास ठेवा. सेक्रेटरींची लेखी परवानगी घ्या, पेटीवर तुमच्यापैकी एकाचा नंबर चिकटवा. दर सहा तासांनी बादलीभर पाण्यात फ्लोट उचला आणि लिहा: हूटर किती सेकंदांनी, कॉल किती सेकंदांनी, मेसेज पोचला का. एकदा चार्जर काढून, एकदा सिम काढून, एकदा वॉचमन झोपेत असताना (त्याला आधी सांगून). न वाजलेली प्रत्येक खेप रिपोर्टमध्ये कारणासकट टाका. परीक्षकांना त्यावरूनच कळतं की यंत्र खरंच चालवलंय.

लॅबमध्ये न दिसणारे बिघाड या ४८ तासांत दिसतात. फ्लोटच्या दांड्यात कचरा अडकून तो वरच राहतो. भोवती ११० मिमीच्या पाइपाचा तुकडा उभा करा, खाली १० मिमीची भोकं पाडून. (वर पाइप नको म्हटलंय ते अल्ट्रासोनिकसाठी, फ्लोटला चालतो.) पेटीत वायर वरून घेतली तर पाणी वायरीवरून ओघळत आत येतं, ती खालून घ्या, ग्लँड लावा, आत शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या. सिमचं रिचार्ज संपतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, दर सोमवारी सकाळी दहाला यंत्राने स्वतःहून "चालू आहे, बॅटरी १२.६" असा मेसेज पाठवावा, आला नाही तर वॉचमनने सेक्रेटरींना सांगावं. हे कोडमध्ये दहा ओळींचं काम आहे.

निधीसाठी गुजरातमध्ये २०१७ पासून विद्यार्थी स्टार्टअप आणि नवोन्मेष धोरण आहे, एसएसआयपी म्हणतात ते. त्यातून प्रोटोटाइपला मदत मिळते, अर्ज कॉलेजमार्फत जातो. बिलं लागतात, म्हणून आतापासून प्रत्येक बिल वहीत चिकटवा. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये जायचं असेल तर तिथे टीम सहा जणांची लागते आणि तीत किमान एक मुलगी, म्हणजे तुम्हाला आणखी दोघं शोधावे लागतील. चौघांत बोलण्याच्या सहा जोड्या असतात, सहांत पंधरा होतात, तेव्हा नवे दोघं घ्यायचे तर पिनांचं पान त्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगा.

पेटंटचं सध्या डोक्यातून काढा. पाणी चढण्याच्या वेगाचा अंदाज देणारी कल्पना पुढे वाढवणार असाल तर ती जाहीर प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर मांडण्याआधी प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज करावा लागतो, आणि त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. कॉलेजच्या नवोन्मेष कक्षात याची विचारणा चौथ्या-पाचव्या आठवड्यातच करा, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नको.

दांडियाबाजार_ईसी

अल्ट्रासोनिक काढला, दोन फ्लोटवर येतोय. पिनांचं पान लिहून झालं, ३५ वर लाल फुली. चौथा मेंबर शनिवारी वॉचमनना भेटायला जातोय, सोबत त्याची जोडीदार. बादलीची पहिली चाचणी मंगळवारी, आकडे इथे टाकतो.